पंचेचाळीस किलो

मी जन्माचीच काडी. हे पह्यलेच सांगून ठेवते, म्हणजे कोणी इचाराले नको की सत्यभामा आजारी-बिजारी होती का. नव्हती. माही माय तशीच होती अन् मायची मायबी तशीच. लग्नात माह्या बांगड्या हात वर केला का कोपरापर्यंत सरकत होत्या, अन् सासरच्या बाया एकमेकीले डोळे मारत होत्या. पण कापसाचं गठोडं मी कोणापेक्षा कमी उचललं नाही. चौतीस वर्षाची झाली, दोन लेकरं झाली, तरी गावातलं नाव काही बदललं नाही. "हवा सुटली का सत्यभामाले खुट्याले बांधा," म्हणत. मीबी सोडत नव्हती. "बांधा," म्हणे, "पण दोर तुमच्या घरचा आणा."

त्याचं मले काही वाटलं नाही. वाटलं थे दीपामुळं.

दीपा माह्या जेठाची, म्हणजे मोठ्या दिराची पोरगी, दहा वर्षाची. माय-बाप दोघंबी पुण्याकडं इटभट्टीवर, पोरगी आमच्याजवळ. तिले सिकलसेल हाये. हातपाय असे दुखतेत का पोरगी उशी दातात धरते. दर दोन-तीन महिन्यानं यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवा लागते. तिथले लोक चांगले हायेत, कोणाले परत पाठवत नाहीत. पण दोन वर्षामागं एकदा रातोरात तिच्या गटाचं रक्त कमी पडलं, तवा आमच्या गावात कापूस इकत घेणारा पिंटूभाऊ गाडी काढून आला अन् बाटलीभर रक्त देऊन गेला. त्या दिवशी मी त्याच्या पाया पडली. खोटं कायले सांगू, आजबी त्याची आठवण हाये.

पण त्या माणसानं ती बाटली कधी खाली ठेवलीच नाही. चौकात, पानठेल्यावर, बारशात, मयतीत, जिथं जाईन तिथं तेच. दिवाळीच्या पाडव्याले दीपा पोराइसंग लंगडी खेळून राह्यली होती, अन् यानं चारचौघात म्हटलं, "पाहा, माह्या रक्तावर कशी उड्या मारून राह्यली." लोक हसले. दीपा घरी आली अन् कोपऱ्यात बसली.

त्यानंतर पोरीनं दुखणं सांगणंच बंद केलं. आठ दिवस दाबून ठेवलं. ताप चढला तवा कुठं समजलं. दवाखान्यात सुई पाहून म्हणे, "मले लोकायचं रक्त नाही पाहिजे. मंग थे आयुष्यभर सांगतेत."

मी रागीट बाई हाये, पण त्या दिवशी तिच्या खाटेवर जाऊन बसली. मंग मी म्हटलं, "पाह्य दीपे, भीमजयंतीले घाटंजीत रक्तदानाचा कॅम्प राह्यते. तिथं मी रक्त देईन. तुह्या वाट्याचं मी भरीन. मंग तू कोणाचं काही लागत नाही."

"तुह्यं घेतच नाहीत थे," दीपा म्हणे. "मागच्या वर्षी परत पाठवलं तुले."

खरं होतं. मागच्या चौदा एप्रिलले मी मोठ्या ऐटीत निळी साडी नेसून लायनीत उभी राह्यली होती. काटा म्हणे साडेचाळीस. अन् रक्त द्याले पंचेचाळीस किलो लागते. तिथल्या पोरानं मले केळ देलं अन् घरी पाठवलं.

"वाढवीन," मी म्हटलं.

पोरीनं माह्याकडं खालपासून वरपर्यंत पाह्यलं. म्हणे, "ठीक हाये. तोपर्यंत मी रक्त घेईन. पण तू पंचेचाळीस नाही झाली त मंग नाही घेणार. मंग मले आणायचं नाही इथं."

दहा वर्षाची पोरगी, पण आमच्याच घरची. बोलली म्हणजे बोलली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

आता वजन वाढवा म्हणणं सोपं हाये. ज्यायले कमी कराचं राह्यते त्यायले लोक सतरा सल्ले देतेत, अन् वाढवाचं म्हटलं का हसतेत. "आमचं घेऊन जा वं," म्हणतेत. मी पह्यली गलती हे केली का घाटंजीच्या बाजारातून एक डबा आणला. डब्यावर एका पहिलवानाचा फोटो. पंधरा दिवस दुधात घालून पेली. तोंड असं सुजलं का दीपाचा काका, म्हणजे माहा नवरा धर्मपाल, सकाळी मले पाहून म्हणे, "गांधीलमाशी चावली का?"

आमच्या गावच्या आशा वर्कर विमलताई. त्यायनं डबा पाह्यला अन् सरळ उकिरड्यावर फेकला. "याच्यात काय कालवलं हाये थे बनवणाऱ्यालेच माहीत," म्हणे. "हे वजन नाही, सूज हाये. बस इथं. काल दिवसभर काय खाल्लं थे सांग."

मी सांगितलं. सकाळी चहा. वावरात जाताना चहा. दुपारी भाकर अन् ठेचा. आल्यावर चहा. रात्री सगळे जेवल्यावर जे उरलं थे.

"अन् नाही उरलं त?"

"त मंग चहा."

विमलताईनं कपाळाले हात लावला. मलेबी ऐकून कसंतरी झालं. घरात पीठ होतं, डाळ होती, कोंबड्या अंडी देऊन राह्यल्या होत्या. कोणी मले उपाशी ठेवलं नव्हतं. मीच शेवटी बसत होती, कारण माय शेवटी बसत होती.

त्यायनं जे सांगितलं थ्याच्यात नवल काही नव्हतं. पोटातल्या जंताची गोळी घे. चहा दोनच वेळा, तोही जेवणाच्या तासभर दूर. दिवसातून पाच वेळा खा, भूक असो-नसो, पण थोडं थोडं. अन् एकदम फुगाची घाई करू नको, महिन्याले एक किलो वाढलं तरी लय झालं. "अन् सगळ्यात मोठं औषध," विमलताई म्हणे, "पह्यले जेव."

हे औषध लय कडू निघालं. पह्यल्या दिवशी मी सगळ्यायच्या आधी ताट घेऊन बसली अन् पह्यला घास हातात धरून दाराकडं पाहत राह्यली. चोरी करून राह्यली असं वाटे. माहा पोरगा सोनू म्हणे, "आई, पाहुणे येणार हायेत का?" धर्मपाल उठला, त्यानं वरणाच्या गंजातून वाटी भरली अन् माह्या ताटात ओतली. मंग दीपा माह्या समोर पाट टाकून बसली, पहारा द्याले. तिच्या डोळ्यासमोर ताटात काही टाकाची सोय नव्हती.

सकाळी उठल्यावर भिजवलेले शेंगदाणे अन् गूळ. वावरात जाताना ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वरून तेलाची धार. दहा वाजता वावराच्या धुऱ्यावर बसून दोन उकडलेली अंडी. दुपारी तुरीचं घट्ट वरण, लिंबू पिळून. संध्याकाळी फुटाणे, नाहीत त केळ. रात्री पोळी-भाजी अन् झोपताना कपभर दूध. बाया हसल्या. "सत्यभामाले दिवस गेले वं," असं बाजारात उठलं. मी म्हटलं, "गेले असतील त बारशाले बोलावीन." अन् अंडं सोलत राह्यली. अंगात नुसती चरबी नाही, ताकद पाहिजे म्हणून विमलताईनं उठाबशाबी सांगितल्या होत्या. गोठ्यात गाईसमोर रोज वीस. गाय लय नवलानं पाहे.

आता मोजाचं कुठं? विमलताईजवळचा काटा लेकराइले झोळीत टांगाचा. दवाखाना सहा किलोमीटर. गावात मोठ्या माणसाचं वजन होईन असा काटा एकच, पिंटूभाऊच्या अंगणातला, ज्याच्यावर गावाचा सगळा कापूस मोजला जाते. मन मारून मी तिथं गेली. पिंटूभाऊ मोठ्या मनानं म्हणे, "चढा ना, तुमच्यानं काय काटा तुटते?"

मी चढली. अडतीस.

एप्रिलात साडेचाळीस होती अन् आता अडतीस. म्हणजे कापूस वेचणीत मी अडीच किलो सुकली. पण अंगात जिद्द चढली. आता पाच नाही, सात किलो वाढवाचे, बस.

दर रविवारी मी त्या काट्यावर चढली. पिंटूभाऊचं एकेक बोलणं चालूच. "आज पायात चप्पल हाये का? मंग वीस ग्रॅम तिचे." डिसेंबरात एकोणचाळीस. संक्रांतीले चाळीस. मंग पोट बिघडलं अन् अर्धा किलो गेलं, थे भरून काढाले तीन हप्ते लागले. होळीले साडेएक्केचाळीस. ब्लाउज दंडात घट्ट झाले, उसवून शिवले. बांगड्या कोपरापर्यंत जाईनात. धर्मपाल म्हणे, "काटा काही म्हणो, तू भरली हायेस." मी त्याच्यावर खेकसली. मले भरली हायेस ऐकाचं नव्हतं, मले आकडा पाहिजे होता.

मार्च संपता संपता ऊन असं तापलं का अन्न पाहिलं तरी ओकारी ये. बेचाळीस-आठशे. एका दुपारी मी भाकर हातात घेऊन रडली. खाणंबी इतकं मेहनतीचं राह्यते हे मले माहीत नव्हतं. दीपा समोर बसली होती. म्हणे, "राहू दे काकू. नको खाऊ." तिनं थे अशा आवाजात म्हटलं का मले समजलं, हिनं मनात ठरवून टाकलं. मी डोळे पुसले, भाकर ताकात कुस्करली अन् अख्खी पेऊन टाकली.

बारा एप्रिलले काटा म्हणे त्रेचाळीस-चारशे. एक किलो सहाशे कमी. दोन दिवसात काय होणार होतं, कपाळ.

शेजारची नंदाबाई भाजी विकते, घाटंजीच्या बाजारात तिची जागा हाये. सगळं ऐकून तिनं तागडीतलं दोन किलोचं लोखंडी माप आणलं, सरकारी शिक्क्याचं. "हे पोटाले बांध," म्हणे. "वरून निऱ्या. कोणाच्या बापाले समजत नाही."

मी आधी नाही म्हटलं. मंग दीपा झोपेत कण्हली, अन् मी माप घेतलं. लाज वाटली, पण घेतलं.

चौदा एप्रिलले सकाळी पोटभर खाऊन, कमरेले लोखंड बांधून, निळी साडी नेसून मी घाटंजीले गेली. दीपा हट्ट करून संग आली, अन् नंदाबाई आपल्या मापाच्या काळजीनं. बाहेर डफ वाजून राह्यले होते, आत पंखे गरगरत होते. वजन घेणारी पोरगी होती, गळ्यातल्या कार्डावर सुरभी लिहिलं होतं.

मी काट्यावर चढली. मनात हिशोब पक्का होता, त्रेचाळीस-चारशे अन् दोन, पंचेचाळीस-चारशे.

"अठ्ठेचाळीस-दोनशे," सुरभी म्हणाली. "या ताई, पुढे."

मी जागची हलली नाही. "तुमचा काटा बिघडला," मी म्हटलं.

"नाही ताई, सकाळीच तपासून आणलाय."

"बिघडला म्हणते ना मी. इतकी मी नाहीच. पाच महिने झाले, दर रविवारी मोजून राह्यली. दोनशे-चारशे ग्रॅमसाठी रक्त आटवलं मी, अन् तुमी असेच वाटून राह्यल्या का किलो?"

लायनीतले लोक हसाले लागले. वजन जास्त भरलं म्हणून भांडणारी बाई त्यायनं पह्यल्यांदाच पाह्यली असन. नंदाबाई मागून पदर ओढून राह्यली होती, चूप बस वं, म्हणून. पण मले आता राहवेना. काटा खोटा असन त माहं पंचेचाळीसबी खोटंच. मी तोंड फिरवलं, निऱ्यात हात घातला अन् माप काढून काट्यावर ठेवलं.

दोन किलो. वर एक ग्रॅम नाही, खाली एक ग्रॅम नाही.

सुरभीनं मापाकडं पाह्यलं, मंग माह्या पोटाकडं. "ताई, हे बांधून रक्त दिलं असतं आणि चक्कर येऊन पडल्या असत्या म्हणजे? हा नियम तुमच्यासाठीच असतो ना?" तिचा राग बरोबर होता. मी मान खाली घातली.

"आता नुसत्या उभ्या राहा."

मी उभी राह्यली. शेहेचाळीस-दोनशे.

दीपानं आकडा मोठ्यानं वाचला. मंग परत वाचला. मी त्या काट्यावर उभ्या उभ्या रडली, अन् मले त्याची काही लाज वाटली नाही. बोटातून थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासलं, तेबी भरलं, बारा-नऊ. सिकलचा दाखला मी संग आणला होता, माह्यात नाही थे. सुरभीनं हसत खाटेवर निजवलं.

दीपा जवळ उभी राहून पिशवी भरताना पाहत होती. तिनं आजपर्यंत पिशवी रिकामी होतानाच पाह्यली होती. "हे मले देतेत का?" तिनं इचारलं.

"ज्याला लागेल त्याला," सुरभी म्हणाली. "तुला कुणा दुसऱ्याचं मिळतं, तसंच."

"मंग ज्याले भेटन त्याले माहीत राहत नाही का काकूचं हाये?"

"नाही राहत."

दीपानं पिशवीकडं पाह्यलं. मंग म्हणे, "हे बरं हाये."

निघताना मी सुरभीले माहं वजन कागदावर लिहून मागितलं, सही-शिक्क्यानिशी. कारण पिशवी भरता भरता माह्या डोक्यात दुसरंच भरत होतं. दिवाळीनंतर मी अडतीस झालीच नव्हती. मी सुकलीच नव्हती. येताना यष्टीत नंदाबाईले सांगितलं, त तिनं बोटावर हिशोब केला. भाजीवाली बाई, तिले कागद लागत नाही. "पिंटूभाऊच्या काट्यानं शेहेचाळीसमागं पावणेतीन खाल्ले," म्हणे. "म्हणजे क्विंटलमागं सहा किलो. माय वं." अन् मंग गाव येईपर्यंत ती बोटंच मोजत राह्यली. तिच्या घरचाबी कापूस तिथंच गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंटूभाऊच्या अंगणात भाव वाढन म्हणून राखून ठेवलेला कापूस घेऊन लोक आले होते. तांड्यावरचा रूपसिंग गठोडे उतरवत होता. मी, दीपा अन् नंदाबाई आत गेलो.

"या," पिंटूभाऊ म्हणे. "देल्लं का रक्त? का देल्लं परत पाठवून?"

मी सरळ काट्यावर चढली. "रूपसिंगभाऊ, जरा आकडा वाचा."

"त्रेचाळीस-दोनशे," रूपसिंग म्हणाला.

मी कागद त्याच्या हाती देला. "आता हे वाचा. कालचं हाये, दवाखान्याच्या काट्यावरचं."

त्यानं वाचलं. शेहेचाळीस-दोनशे. परत काट्याकडं पाह्यलं.

पिंटूभाऊ हसला. "रक्त देल्लं ना बाईनं, उतरनच."

"पिशवी साडेतीनशे मिलीची राह्यते," मी म्हटलं. "तीन किलोची नाही." मी खाली उतरली. नंदाबाईनं पदराआडून माप काढलं अन् काट्यावर ठेवलं. सरकारी शिक्का वर करून ठेवलं तिनं.

एक किलो आठशे ऐंशी.

अंगणातले लोक काट्याजवळ सरकले. पिंटूभाऊ म्हणे, मशीन हाये, होते मांगं-पुढं. कोणी हसलं नाही.

आजपर्यंत मी त्याले अहो-जाहो करत होती. "पिंटूभाऊ," मी म्हटलं, "तू माह्या पोरीले बाटलीभर रक्त देल्लं. थे मी नाकारत नाही, मरेपर्यंत तुह्यं नाव घेईन. पण त्या एका बाटलीचा तू गावभर डंका पिटला, लेकराच्या तोंडावर पिटला. अन् या काट्यावर तू गावाच्या अंगातून दर साली काय काढून राह्यला, थे कोणाले सांगितलं नाही. आता या पोरीचं नाव तुह्या तोंडून ऐकू आलं नाही पाहिजे. तिच्या वाट्याचं मी काल भरलं."

रूपसिंगनं कागद माह्या हातात परत देला, गठोड्याजवळ गेला अन् ते उचलून पुन्हा गाडीत टाकलं. मंग दुसरं. मागचे लोकबी आपापले गठोडे उचलाले लागले. सरपंचाले बोलवा, वजन-मापाच्या साहेबाले बोलवा, असं सुरू झालं. ते नंदाबाईवर सोडून मी दीपाचा हात धरला अन् निघाली. मले कोणी काडी म्हटलं नाही.

वडाजवळ आल्यावर दीपाची चाल मंदावली. "काकू," म्हणे, "माह्या मांड्या तीन दिवसापासून दुखून राह्यल्या."

मी थांबली. "तीन दिवस? अन् काहून नाही सांगितलं?"

"तुह्यं वजन झाल्यावर सांगणार होती."

मले तिच्यावर चिडाचं होतं, पण चिडता आलं नाही. मी तिच्यासमोर खाली बसली. "मंग? आता?"

"आता चाल ना यवतमाळले," दीपा म्हणे. "माही तारीख सोमवारची हाये, पण आजच जाऊ. मी घेईन रक्त. कोणाचंबी चालते."

मी तिले पाठीवर घेतलं. सहा महिन्याआधी मले जमलं नसतं, आता जमलं. साडेबाराची यष्टी होती. घरी जाऊन पह्यले दोघी जेवलो, अन् मंग निघालो.